तीन टाउन, एक नकाशा आणि १२० दिवस

८ जानेवारी

नवीन काम सुरू. मॅसॅच्युसेट्समध्ये कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात जमिनी वाचवणारी एक छोटी संस्था आहे, तिच्यासाठी काही महिने नकाशांचं काम करायचंय. तीन लहान टाउन आहेत, त्यांची मोकळी जागा आणि शेतजमीन टिकवायला मदत करायची, असा एकूण प्रकार. टाउन म्हटलं की शहर डोळ्यासमोर येतं पण ही खरं तर गावंच आहेत, निवडून आलेलं छोटंसं सिलेक्ट बोर्ड कारभार बघतं आणि पैशाचे मोठे निर्णय टाउन मीटिंगमध्ये, म्हणजे मतदार शाळेच्या हॉलमध्ये जमतात आणि हात वर करून ठरवतात, आपली ग्रामसभाच, फक्त इथे लोक खरंच येतात.

तिन्हीकडे पगारी प्लॅनर नाही. जे काही चालतं ते कॉन्झर्व्हेशन कमिशनवरच्या, म्हणजे टाउनच्या निसर्ग राखणाऱ्या समितीवरच्या, हौशी मंडळींवर. ही कमिशनं १९५७ च्या कायद्याने आली, काम भरपूर, हाताशी माणूस नाही. त्यांना हवंय एवढंच की कुठली जमीन अजून मोकळी आहे, त्यातली कुठली खरंच सुरक्षित आहे, आणि उरलेल्यातली आधी कुठली बघायची. म्हणजे एक नकाशा आणि एक यादी.

शब्दांची गंमत, इथे जमिनीच्या तुकड्याला पार्सल म्हणतात. दिवसभर 'या पार्सलचा मालक कोण' ऐकून मला भूक लागते.

१५ जानेवारी

राज्याच्या साइटवरून पार्सलचा लेयर, म्हणजे नकाशावर चढवायचा थर, आणि मोकळ्या जागांचा लेयर, दोन्ही फुकट मिळाले, आणि डेटा स्वच्छ आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पहिल्यांदा उघडून बघितलं तर तिन्ही टाउन हिरवीगार. मी संस्थेच्या मॅनेजरला म्हटलं, अहो इथे तर सगळं वाचलेलंच आहे, मला कशाला बोलावलं. ती म्हणाली, टेबल उघड आणि संरक्षणाचा कॉलम बघ.

त्या कॉलममध्ये एकेक अक्षर असतं. पी म्हणजे कायमचं संरक्षण, टी म्हणजे तात्पुरतं, एल म्हणजे मर्यादित, एन म्हणजे काहीच नाही. नकाशावर मात्र सगळं एकाच हिरव्या रंगात. रंग अक्षराप्रमाणे लावले आणि निम्म्याहून जास्त हिरवं गळून पडलं. शाळेचं मैदान, गोल्फ कोर्स, एका क्लबची शिकारीची जागा, हे सगळं मोकळं दिसतं, पण उद्या विकायचं ठरवलं तर फारसं काही आडवं येत नाही.

टाउनच्या मालकीची बाग किंवा जंगल जे रीतसर त्याच कामासाठी राखलंय त्याचं वेगळं. राज्यघटनेत १९७२ साली ९७ वं कलम आलं, त्याप्रमाणे अशी जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर राज्याच्या विधिमंडळात दोन तृतीयांश मतं लागतात, आणि २०२२ च्या कायद्यानंतर बदली जमीनही द्यावी लागते. ते खरं पी.

आणि शेतं? बहुतेक शेतं या लेयरमध्ये नाहीतच, कारण ती खासगी. ती लोकांना फक्त गाडीतून जाताना 'आपली' वाटतात.

२२ जानेवारी

आजचा दिवस वाया. एका टाउनच्या जुन्या कंत्राटदाराने दिलेली फाइल जोडली आणि यादीत एक शेत थेट पहिल्या नंबरवर, ४०९ एकर. मी खूश, एवढा मोठा सलग तुकडा कुणाच्या लक्षात कसा आला नाही म्हणून. मॅनेजरला फोनसुद्धा केला. ती शांतपणे म्हणाली, त्या रस्त्यावर ४०९ एकर मावणारच नाहीत, एका बाजूला नदी आहे.

राज्याचा डेटा मीटरमध्ये, नकाशाच्या मोजपद्धतीचा कोड २६९८६. कंत्राटदाराची फाइल फुटांत, कोड २२४९. नकाशावर दोन्ही बरोब्बर एकमेकांवर बसतात कारण सॉफ्टवेअर आपोआप जुळवून घेतं, पण क्षेत्रफळ काढताना मी सरसकट ४०४७ ने भागलं, जे चौरस मीटरला ठीक, चौरस फुटाला ४३,५६० हवं. म्हणजे १०.७६ पट फुगलं. शेत ३८ एकरांचं आहे.

फाइल देताना एकक लिहून द्यायला काय जातं असं चार वेळा पुटपुटले, पण तपासायचं काम माझंच होतं. आता प्रत्येक लेयरच्या नावात शेवटी 'मी' (मीटर) किंवा 'फू' (फूट) लिहिते. बावळट दिसतं पण चालतंय.

६ फेब्रुवारी

कुठल्या गोष्टीला किती मार्क द्यायचे याची कमिशनबरोबर मीटिंग. रात्री सात ते पावणेदहा. माती, पाणी, सलगता, वन्यजीव, चालायच्या पायवाटा आणि 'दृश्य'. मातीला मी ३० ठेवले होते. शेवटी १५ वर आली, पायवाटा आणि दृश्य मिळून ४०.

म्हणजे कसं होतं, मीटिंगला येतात ते चालायला जाणारे लोक. शेतकरी मंगळवारी रात्री सात वाजता कुठे येणार. मी बाहेरची, नवीन, गप्प बसले. ते ३८ एकरांचं शेत अकराव्या नंबरवर गेलं.

२० फेब्रुवारी

यादी छापली. छान दिसते. कुणी वाचेल असं वाटत नाही.

१८ मार्च

गडबड. त्याच अकरा नंबरच्या शेताचं विक्रीचं पत्र टाउनला आलंय. आणि आज नाही आलेलं, ४ मार्चला रजिस्टर टपालाने निघालेलं. टाउन हॉलमध्ये कुठल्या तरी ट्रेमध्ये ११ दिवस न फोडता पडलं होतं, मग कुणीतरी 'हे टॅक्सचं असेल' म्हणून दुसऱ्या टेबलावर ठेवलं, आणि तिथून फोन आमच्याकडे.

पत्र का महत्त्वाचं ते लिहून ठेवते, कारण दोन महिन्यांपूर्वी मलाही माहीत नव्हतं. इथे शेतकऱ्याला राज्याच्या कायद्यातल्या चॅप्टर ६१ए खाली घरपट्टीत मोठी सूट मिळते. किमान पाच एकर शेतीखाली पाहिजेत आणि वर्षाला किमान ५०० डॉलरची विक्री दाखवावी लागते (पाच एकरावर पाचशे डॉलर, हा आकडा फार जुना असणार हे सांगायला नको). जमिनीवर कर बाजारभावाने न लागता शेतीच्या भावाने लागतो. बदल्यात टाउनला एक हक्क मिळतो. अशी जमीन घरांसाठी विकायला काढली तर मालकाने आधी टाउनला खरी ऑफर दाखवायची, आणि तोच भाव देऊन टाउन ती घेऊ शकतं. मुदत १२० दिवस. टाउनला स्वतः घ्यायची नसेल तर तो हक्क आमच्यासारख्या संस्थेला देता येतो.

मुदत शेवटचं पत्र पोस्टात पडल्याचा दुसरा दिवस सोडून त्यापुढे मोजायची. ५ मार्चनंतर १२० दिवस म्हणजे ३ जुलै. कॅलेंडरवर तीनदा मोजलं. १०७ उरलेत. एक दिवस जरी चुकला तरी हक्क गेला, मग कुणी काही करू शकत नाही.

आपल्याकडे सातबाऱ्यावरून घराघरांत भांडणं होतात, इथे अख्ख्या टाउनचं नशीब एका न फोडलेल्या लिफाफ्यात.

१९ मार्च

मे महिन्याच्या वार्षिक टाउन मीटिंगचा अजेंडा, ज्याला वॉरंट म्हणतात, तो परवाच बंद झाला. अर्थातच.

स्पेशल टाउन मीटिंग बोलावता येते, तिची नोटीस १४ दिवस आधी लावावी लागते. त्याच रात्री वार्षिक मीटिंगच्या पोटातच स्पेशल घ्यायची असं ठरतंय. मला वाटलं ही पळवाट आहे, तर म्हणे दरवर्षी कुठे ना कुठे असंच करतात.

२७ मार्च

आज पैशाचं गणित. पहिल्यांदा नीट कळलं म्हणून सविस्तर.

जमिनीला दोन किमती असतात. एक, त्यावर घरं बांधता येतील असं धरून. दुसरी, त्यावर फक्त शेतीच होईल असं धरून. या दोन्हींतला फरक म्हणजे बांधकामाच्या हक्काची किंमत. १९७७ च्या कायद्याने राज्याने सुरू केलेली योजना, सगळे तिला एपीआर म्हणतात, हा फरकच विकत घेते. शेतकऱ्याला पैसे मिळतात, जमीन त्याच्याच नावावर राहते, पण तिच्यावर कायमची अट बसते की इथे शेतीच. पुढे कुणीही घेतली तरी अट जमिनीबरोबर जाते.

मला ही कल्पना आवडते कारण यात शेतकऱ्याला लेक्चर नाही. नाहीतर सगळे म्हणतात शेत विकू नका. का विकू नका? तीस-चाळीस वर्षं राबलेल्या माणसाचा प्रॉव्हिडंट फंड म्हणजे ती जमीनच असते, तो आम्हाला गाडीतून हिरवं दिसावं म्हणून का सोडेल.

पण एपीआरला वेळ लागतो, मूल्यांकन, मोजणी, टायटल म्हणजे मालकीची तपासणी, सरकारी सह्या, १२० दिवसांत कुठलं व्हायला. म्हणून मार्ग असा ठरतोय की टाउनने हक्क संस्थेला द्यायचा, संस्थेने कर्ज काढून आत्ता विकत घ्यायचं, मग सावकाश अट विकायची आणि अट बसलेली, म्हणजे स्वस्त झालेली जमीन एखाद्या शेतकऱ्याला द्यायची. अध्येमध्ये फसलं तर कर्ज आमच्या डोक्यावर. मॅनेजर हे सगळं चहा ढवळत सांगते.

टाउनचा वाटा सीपीए, म्हणजे कम्युनिटी प्रिझर्व्हेशन अ‍ॅक्टमधून. हा २०००चा कायदा, ज्या टाउनने मतदानाने स्वीकारलाय तिथे घरपट्टीवर ३ टक्क्यांपर्यंत अधिभार लागतो आणि राज्य त्यात भर घालतं. त्यातला किमान दहावा हिस्सा मोकळ्या जागेसाठी, दहावा जुन्या वास्तूंसाठी, दहावा परवडणाऱ्या घरांसाठी. आपल्या तिघांतल्या दोघांनी स्वीकारलाय. नशीब की हे त्यातलंच एक.

९ एप्रिल

शेतावर गेलो. म्हातारे मालक आणि त्यांची बायको, दोघं दारातच उभे. ते आमच्यावर रागावले असतील असं मला वाटत होतं, कारण त्यांचा ठरलेला सौदा आम्ही अडवतोय. रागावले नव्हते, दमले होते. म्हणाले, मला पैसे कुणाकडून येतात याच्याशी देणंघेणं नाही, ठरलेल्या दिवशी आले पाहिजेत. मुलगा दुसऱ्या राज्यात, मुलीला शेती नको. तीन वर्षांपूर्वी टाउनमधल्या कुणाला तरी विचारलं होतं की शेत राखायची काही योजना आहे का, 'बघून सांगतो' म्हणाले, ते अजून बघतायत.

मग त्यांनी शेत दाखवलं. नदीकडच्या बाजूला बूट रुतत होते. त्यांनी वाकून मूठभर माती उचलली आणि माझ्या हातावर ठेवली, ओली, तपकिरी, चुरगळली तर मैद्यासारखी, बोटांच्या रेषांत बसली. म्हणाले, यात दगड शोध. मी शोधला, नाही सापडला. या भागात जंगलात कुठेही जा, जुन्या दगडी भिंती दिसतात, शेतातून वेचलेल्या दगडांच्याच, पिढ्यानपिढ्या लोकांनी दगड काढण्यात जन्म घालवलेत. आणि इथे नदीने हजारो वर्षं गाळ आणून टाकलाय, त्याला हॅडली सिल्ट लोम म्हणतात, देशातल्या उत्तम मातींपैकी एक. रस्त्याकडच्या वरच्या कोपऱ्यात मात्र रेताड, तिथे ते स्वतःच काही लावत नाहीत.

माझ्या लेयरमध्ये हे सगळं होतं. कोड, वर्ग, 'प्राइम' असा शिक्का, सगळं. आणि आम्ही त्याला १५ मार्क दिले होते. हात धुवावासा वाटत नव्हता.

२३ एप्रिल

रेताड कोपऱ्याचा नकाशा केला. इथे आधीच रस्ता आहे त्याला लागून पुरेशी रुंदी असेल तर प्लॉट पाडायला प्लॅनिंग बोर्डाची नेहमीची मोठी परवानगी लागत नाही. त्यामुळे शेतं मधून फुटत नाहीत, कडेने कुरतडली जातात. रस्त्याला घरांची रांग आणि मागे शेत, ज्यात ट्रॅक्टर न्यायला वाट उरत नाही.

प्रस्ताव असा, त्या कोपऱ्यात दोन प्लॉट काढायचे, मिळून तीनेक एकर, ते विकून कर्जाचा भार हलका करायचा, बाकी ३५ एकर राखायचे. कायद्याने संस्थेला हक्क दिला तर किमान ७० टक्के जमीन शेती-जंगल-मोकळी ठेवावी लागते, आपण ९० च्या वर आहोत. तरी संस्थेतल्याच दोघांना हे पटत नाहीये, एकही घर नको म्हणतात. मला मात्र प्रस्ताव पटतो. वाईट मातीवर दोन घरं झाली तर काय बिघडलं.

७ मे

जाहीर सुनावणी. ६० तरी माणसं. मी प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडून कोपऱ्यात.

एक बाई उठून म्हणाल्या, शेत वाचलंच पाहिजे, नाहीतर इथे कसलीकसली माणसं राहायला येतील. टाळ्या पडल्या. मला एकदम अंगावर काटा आला, कारण ही कसलीकसली माणसं म्हणजे मीच, तीन वर्षांपूर्वी घर शोधत होते आणि कुठेच मिळत नव्हतं. शेत वाचवा म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना शेत नको असतं, शेजारी नको असतात. हे या कामातलं सगळ्यात अवघड, कारण मतं त्यांचीही लागतात.

टाउनच्या हाउसिंग कमिटीतला एक तरुण उठला आणि म्हणाला, सीपीएच्याच पैशातून घरांसाठीही वाटा काढायचा असतो, तो गेली चार वर्षं नुसता साठतोय, त्याचं बोला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी मनात वाजवल्या.

एकाने विचारलं, घरं आली तर टॅक्स वाढून टाउनचा फायदाच ना. त्यावर मॅनेजरने नेहमीचं उत्तर दिलं, की घरांकडून जेवढा कर येतो त्याहून जास्त खर्च शाळा आणि सेवांवर होतो, शेतीला सेवा कमी लागतात. उत्तर खोटं नाही, अशा अभ्यासांत साधारण तेच निघतं. पण मुलं शाळेत येणं हा तोटा म्हणून मांडायचा मला कंटाळा आलाय, बाहेर पडल्यावर तिला तसं म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, कळतंय, पण आज मतं मोजायची होती.

२१ मे

टाउन मीटिंग. सीपीएचा ठराव, ग्रँज म्हणजे शेतकऱ्यांच्या जुन्या मंडळाच्या लोकांनी मागे कॉफी ठेवली होती, आमचा नंबर रात्री साडेदहाला आला तोवर निम्मे लोक घरी. साध्या बहुमताचाच होता, कर्जरोखे काढायचे असते तर दोन तृतीयांश लागले असते आणि मला झोप लागली नसती. हात वर झाले, मोजायचीही गरज पडली नाही. माझा 'मातीचा' नकाशा पडद्यावर १५ सेकंद दिसला.

म्हातारे मालक शेवटच्या रांगेत बसले होते. स्वतःच्याच जमिनीवरच्या ठरावाला हात वर करायचा की नाही या विचारात अर्धा वर करून ठेवला होता.

३ जून

सिलेक्ट बोर्डाने हक्क संस्थेला द्यायचा ठराव केला. ३० दिवस शिल्लक.

२४ जून

कागद रजिस्ट्रीत नोंदवले. हक्क वापरल्याची नोटीस नुसती पाठवून चालत नाही, मुदतीच्या आत रजिस्ट्री ऑफ डीड्समध्ये नोंदवावी लागते आणि मालकाला रजिस्टर टपालाने पाठवावी लागते. वकिलाने एका सहीखालची तारीख चुकीची पकडली, पुन्हा सही घ्यायला टाउन हॉल गाठला तर सह्या करणारे मासे पकडायला गेलेले. दुपारी तीनला सापडले. नऊ दिवस आधी झालं म्हणून हसतोय, २ जुलैला असतं तर?

टाउन हॉलमधून निघताना तो ट्रे बघितला. कुणीतरी त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलंय, '६१ए, लगेच फोडा'. खाली तीन माणसांचे फोन नंबर.

१० जुलै

यादी पुन्हा करायला घेतली. या वेळी कमिशनने मातीला ३० दिले, बोलावंच लागलं नाही. पण खरा प्रश्न मार्कांचा नव्हताच. जमीन कधी विकायला निघेल हे आम्ही कुठे मोजलंच नव्हतं. मालकाचं वय, मुलं शेती करणार का, कर्ज, आजारपण. माझ्या हिशेबाने हा कॉलम सगळ्यात पुढे पाहिजे.

पण तो टाउनच्या फाइलमध्ये टाकता येत नाही. टाउनचे कागद सार्वजनिक असतात, कुणीही मागू शकतं, आणि कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे बिल्डरला आयतं कळायला नको. म्हणून फाइलमध्ये एवढंच, 'भेट झाली का: हो/नाही'. बाकी मॅनेजरच्या डोक्यात आणि तिच्या वहीत. तिन्ही टाउन मिळून पहिल्या २५ पार्सलपैकी १९ समोर 'नाही'.

१७ सप्टेंबर

खरेदी झाली. मालकांना ठरल्या दिवशी पैसे मिळाले. या हंगामातला भोपळा तेच काढणार, तसं लिहून घेतलंय. शेजारच्या टाउनमधलं एक तरुण जोडपं भाड्याच्या जमिनीवर भाजी पिकवतं, ते बघून गेलं, तिने वाकून माती हातात घेतली आणि काही बोललीच नाही.

नकाशात त्या पार्सलचं अक्षर बदलायला बसले. हात पी वर गेला होता. पण अट अजून नोंदवलेली नाही, एपीआरचं मूल्यांकन यायला हिवाळा उजाडेल. एल टाकलं.

दुसऱ्या टाउनच्या यादीत चार नंबरच्या समोर अजून 'नाही' आहे. गुरुवारी सकाळी जाते, दूध काढून झाल्यावर या म्हणालेत.